जुन्या स्पोर्ट्स गाडीची चाकं आणि साज: आधी हब बघा, फोटो नंतर

दिवाळीत भाचा आला होता. अंगणात गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मामा, हिले सतरा इंची मॅगव्हील टाकू ना. समोरून लिप लावू, बाजूले स्कर्ट. मंग पाहा कशी दिसते." लिप म्हणजे बंपरखाली लावायची पट्टी, स्कर्ट म्हणजे दारांखालची. मोबाइलवर फोटो तयारच होता. तीच गाडी, परदेशातल्या कुठल्याशा गुळगुळीत रस्त्यावर, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली.

गाडी म्हणजे माझी 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती, आपल्याच राज्यात शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ती नऊ वर्षांपासून आहे. त्या दिवशी भाच्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. जुन्या, दमदार गाड्या जीव लावून सांभाळणारी पोरं आता आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात भेटतात, आणि कापसाच्या पैशातून साठवलेले तीस-चाळीस हजार न बसणाऱ्या चाकांवर गेले की मला वाईट वाटतं. उदाहरणं माझ्या गाडीची आहेत. हिशोब मात्र कुठल्याही गाडीला तोच.

चाक बसतं कुठे

बैलगाडीचं चाक आठवा. धाव कितीही नवी असो, तुंबा आखावर नीट बसला नाही तर चाक डुलणारच. मोटारीत तुंब्याची जागा हबने घेतली आहे. म्हणून चाक निवडताना पहिला प्रश्न "किती इंची" हा नाही. पहिला प्रश्न आहे, हबवर काय बसतं?

बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. माझ्या ऑक्टाव्हियाचा आहे 5 × 100, म्हणजे पाच बोल्ट आणि 100 मिलिमीटरचं वर्तुळ. हिच्यानंतर आलेल्या लॉराचा आहे 5 × 112. दोन्ही स्कोडाच्याच, दोन्हींना पाचच भोकं, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पण प्रत्येक भोक सहा मिलिमीटर बाहेर सरकलेलं असतं. "थोडं खेचून बसवून देतो" म्हणणारे भेटतात. तिथून हात जोडून निघा. खेचून बसवलेला बोल्ट तिरका ताण घेत राहतो, आणि एक दिवस तुटतो.

याच आकड्यात एक चांगली बातमीही दडली आहे. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या गाड्यांचा पीसीडी 5 × 100 आहे आणि मधलं भोक 57.1 मिलिमीटर, म्हणजे हुबेहूब जुन्या ऑक्टाव्हियाचं. त्यांची कंपनीची 15 इंची अ‍ॅलॉय (मिश्रधातूची चाकं, भाच्याची मॅगव्हील तीच) नागपूर-अमरावतीच्या जुन्या मालाच्या दुकानांत मिळतात आणि बाजारच्या चमकदार नगापेक्षा ती मला शंभर पटीने विश्वासाची वाटतात. पोलो ऑक्टाव्हियापेक्षा हलकी गाडी आहे, तेवढी एक गोष्ट लक्षात ठेवायची. चाकाच्या आतल्या बाजूला ते किती किलो पेलू शकतं हा आकडा कोरलेला असेल तर तो बघून घ्या.

आता मधलं भोक. कंपनीचं चाक हबच्या उंचवट्यावर टप्पकन बसतं, आणि बोल्टचं काम फक्त त्याला दाबून धरायचं. बाजारचं चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात. मधली फट भरायला एक कडी लागते, तिला हब रिंग म्हणतात. ती नसली तर चाक केंद्रात बसत नाही, ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, आणि आपण बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत राहतो. रिंग अ‍ॅल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने कालांतराने ढिली होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर रस्ताच तव्यासारखा तापलेला असतो.

यानंतर येतो ऑफसेट. चाकावर तो ईटी या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. समजा मूळ चाक 6 इंच रुंद आणि ईटी 38 आहे, आणि नवं 7 इंच रुंद, ईटी 35. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर. ईटी तीनने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक तीन मिलिमीटर बाहेर आलं. बाहेरची कड 15.7 मिलिमीटर बाहेर जाईल आणि आतली कड शॉकअपकडे 9.7 मिलिमीटर सरकेल. दीड सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. मागे तिघं बसली, डिकीत तुरीचं पोतं पडलं आणि गाडी दबली, की तेच दीड सेंटिमीटर टायरला फेंडरच्या पत्र्यावर घासायला लावतं. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ओझ्याचा तरफेसारखा जोर जास्त.

बोल्टचा किस्सा

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मला ती रस्त्यावर कळली.

पाच वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून व्हेंटोची कंपनीची चाकं आणली. पीसीडी बरोबर, भोक बरोबर. शहरातल्या एका टायरच्या दुकानात ती बसवली. माझे जुने बोल्ट गंजले होते म्हणून तिथल्या मुलाने नवे, चकचकीत बोल्ट टाकले. आटे तेच होते, हाताने फिरवले तरी सरळ आत गेले. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालो. तीसेक किलोमीटरवर पुढच्या डाव्या चाकातून ठक-ठक यायला लागलं. वेग कमी केला की आवाज बदलायचा. गाडी बाजूला घेऊन पाना लावला, तर दोन बोल्ट हाताच्या जोराने फिरले.

एक बोल्ट काढून तळहातावर घेतला. डोक्याखालचा भाग पेन्सिलच्या टोकासारखा निमुळता. त्यावर घासल्याची खूण होती ती फक्त एका बारीक रेषेची, सुतासारखी. बाकी सगळा नवा-कोरा. मग चाकाच्या भोकात बोट घातलं. तिथली बैठक निमुळती नव्हती, वाटीसारखी गोल होती. वाटीत शंकू ठेवला की तो फक्त कडेला टेकतो. माझं चाक, आणि त्यावरचा माझा, बायकोचा, पोरांचा जीव, त्या सुताएवढ्या रेषेवर धरलेला होता.

स्कोडा-फोक्सवॅगनच्या कंपनीच्या चाकांना गोल बैठकीचे बोल्ट लागतात. बाजारच्या बहुतेक अ‍ॅलॉयना निमुळते लागतात. दोन्हींचे आटे एकच, 14 मिलिमीटर जाडी आणि दीड मिलिमीटरचा आटा, म्हणून चुकीचा बोल्टही बिनतक्रार आत जातो. तेव्हा बसवण्याआधी बोल्टचं डोकं आणि चाकाची बैठक शेजारी धरून बघाच. कसायचे ते टॉर्क पान्याने, म्हणजे कसायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, या बोल्टना 120 न्यूटन-मीटर. पाइप लावून, त्यावर उभं राहून कसणं बंद करा, त्याने आटे ताणले जातात. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

आणि स्टेपनी विसरू नका. बाजारची अ‍ॅलॉय लावली तरी स्टेपनी कंपनीचीच, लोखंडी असते. तिला जुने गोल बैठकीचेच बोल्ट लागतात. माझ्या डिकीत पाच जुने बोल्ट कापडी पिशवीत बांधून कायम असतात.

किती इंची?

टायरवरच्या आकड्यांत सगळं लिहिलेलं आहे. 195/65 R15 म्हणजे टायर 195 मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, आणि आतलं चाक 15 इंची. भिंत झाली साधारण 127 मिलिमीटर. चाक 381 मिलिमीटर, वर-खाली दोन भिंती 253.5, म्हणजे एकूण उंची 634.5. ही एकूण उंची सांभाळायची, कारण स्पीडोमीटर, गिअर आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळं तिच्यावर बेतलेलं असतं.

याच उंचीत 16 इंची बसवायचं तर 205/55 R16, एकूण 632. सतरा इंची बसवायचं तर 225/45 R17, एकूण 634. कागदावर तिन्ही चोख बसतात. म्हणूनच भाचा म्हणाला, "मंग अडचण काय?" अडचण भिंतीत आहे. पंधराची भिंत 127 मिलिमीटर, सोळाची 113, सतराची 101. बाहेरचा गोल तेवढाच ठेवून चाक मोठं केलं की रबर आणि हवा कमी होते. खड्डा आला की धक्का गिळायचं काम तीच हवा करते. ती कमी पडली तर रिम आपटतो.

आणि आपले रस्ते. काळ्या भारी मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि भेगाळतो. म्हणून नवा डांबरी रस्ताही दोन वर्षांत लाटांसारखा होतो. त्यात हंगामात कापूस-ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या, आणि कडेला डांबर संपून मातीत पडणारी वीतभर पायरी. समोरून ट्रॅक्टर आला की एक चाक त्या पायरीवरून उतरवावंच लागतं. 101 मिलिमीटरच्या भिंतीला ही पायरी झेपत नाही. सतरा इंचीला माझा साफ नकार आहे. सोळा ही शेवटची पायरी, आणि रोज गावच्या रस्त्याने जायचं असेल तर पंधराच ठेवा, टायर चांगला घ्या. गाडीचं वळण सुधारतं ते टायरच्या रबराने, चाकाच्या चकाकीने नाही.

टायरच्या मापापुढे 91V असं काही लिहिलेलं असतं. 91 म्हणजे एक टायर 615 किलो पेलतो. अक्षर वेगाचं आहे: T म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत, H म्हणजे 210, V म्हणजे 240. मूळ टायरपेक्षा खालचा आकडा किंवा खालचं अक्षर घेऊ नका. बाजूला चार आकड्यांत जन्मतारीखही असते. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभा राहून जुना झालेला टायर विदर्भात घेऊ नये. हवा भरायची ती सकाळी, टायर थंड असताना. जानेवारीच्या पंधरा अंशांत भरलेली 32 ची हवा मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत पाचेक पौंडांनी वाढलेली दिसेल. समृद्धीवर ताशी 120 ने निघण्याआधी हा हिशोब डोक्यात हवाच. त्यात कमी हवा जास्त धोक्याची, कारण टायर दुमडून-दुमडून आतून तापतो.

वजन

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. तिथे धावणारी छकडी शेतातल्या बंडीसारखी नसते. तिच्यातलं जास्तीचं प्रत्येक लाकूड काढलेलं असतं. मोटारीच्या चाकाचं तसंच, उलट जरा जास्तच. चाकाचं ओझं स्प्रिंगच्या खाली असतं. उंचवट्यावर चाक वर उडालं की स्प्रिंग त्याला परत रस्त्यावर दाबते. चाक जड असेल तर ते उशिरा खाली येतं, आणि जितका वेळ ते हवेत, तितका वेळ ना ब्रेक, ना वळण. शिवाय चाक फिरतं, त्यामुळे कडेचं वजन पळवायला आणि थांबवायला जास्त ताकद लागते. स्वस्त सतरा इंची अ‍ॅलॉय बहुधा कंपनीच्या पंधरा इंचीपेक्षा जड निघतं. दुकानात वजनकाटा मागा. मी कृषी केंद्रातला काटा वापरला होता.

बहुतेक अ‍ॅलॉय साच्यात ओतलेली असतात. फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली, हलकी आणि मजबूत असतात, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. ओतलेल्या चाकावर जेडब्ल्यूएल ही जपानी चाचणीची खूण शोधा. लोखंडी रिम वाकला तर ठोकून सरळ होतो, ओतलेला अ‍ॅलॉय तडकतो. तडकलेला आरा वेल्डिंग करून देणारे आहेत, पण ते चाक पुन्हा गाडीला लावू नका.

नक्षी निवडताना एक गावाकडची गोष्ट. आऱ्यांमध्ये मोठ्या फटी असलेली चाकं सुंदर दिसतात, पण पावसाळ्यात काळा चिखल आत जाऊन रिमच्या पोटाला चिकटतो आणि वाळून दगड होतो. दुसऱ्या दिवशी हायवेवर गाडी थरथरते आणि लोक अलाइनमेंटला धावतात. आधी हात घालून चिखल खरवडा. साधे, हाताला आतपर्यंत पोहोचू देणारे पाच-सहा आरे आपल्याला बरे.

अंगावरचा साज

इथे माझं मत जरा कडक आहे. वीस वर्षांच्या गाडीला साज चढवण्याआधी तिचं मूळ रूप परत आणा. पिवळे पडलेले हेडलाइट घासून पॉलिश करा, पांढरी पडलेली काळी पट्टी आणि रबरं बदला, गंजलेली जागा साफ करून घ्या. डेंटर-पेंटरला लांबीचे (पुट्टीचे) थर चढवू देऊ नका, जाड लांबी आपल्या उन्हात तडकून पोपडे निघतात. एवढं केलं की निम्म्या लोकांची बॉडी किटची, म्हणजे लिप-स्कर्टच्या साजाची, इच्छाच मावळते, कारण गाडी मुळातच देखणी असते.

तरी लावायचीच असेल तर सामान ओळखा. फायबर स्वस्त आणि कडक, पण एका धक्क्यात चिरतं. एबीएस प्लास्टिक थोडं वाकतं. पॉलियुरेथेन किंवा रबरी लिप घासली तरी दुमडून परत येते. आपल्या गतिरोधकांना तीच टिकेल. मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

बंपर बदलताना हवेची वाट बंद करू नका. या ऑक्टाव्हियात टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या अलीकडे, एका कोपऱ्यात असतो. बंपरच्या खालच्या जाळीतून त्याला वारा मिळतो. दिखाऊ बंपरमध्ये ती जाळी बरेचदा नकली, मागून बंद असते. पंचेचाळीस अंशांत असा बंपर लावणं म्हणजे धावणाऱ्या बैलाच्या नाकावर फडकं बांधणं.

स्पॉयलर खरंच काम करतो का? करतो, पण वेगात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, साठवर जितका तितक्याच्या चौपट एकशेवीसवर. याच ऑक्टाव्हियाच्या प्लॅटफॉर्मवर बनलेली पहिली ऑडी टीटी 1998 साली आली, स्पॉयलरशिवाय, गुळगुळीत पाठीची. मोठ्या वेगात मागची बाजू हलकी होऊन अपघात झाले. मग कंपनीने गाड्या परत बोलावल्या, डिकीवर छोटासा स्पॉयलर लावला आणि सस्पेन्शनही सुधारलं. तो आकार अभियंत्यांनी मोजून ठरवला होता. दुकानातला टेबलाएवढा पंख कोणी मोजलेला नसतो, आणि आपल्या पन्नास-साठच्या वेगात तो फक्त डिकी जड करतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर आर.सी. बुकवर नोंद लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. माझी 2020 ला आणि 2025 ला झाली. पासिंगला गाडी मूळ रूपात दाखवावी लागते, म्हणून मूळ बंपर आणि मूळ चाकं विकू नका, माळ्यावर ठेवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. अपघातानंतर न कळवलेला बदल निघाला की दावा अडतो.

भाच्याला एवढं सगळं सांगूनही लिप मनातून जाईना. तेव्हा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, लिप जितकी खाली येणार तितका, आणि चिकटपट्टीने बंपरखाली लावला. म्हटलं, आठ दिवस अशीच चालव. दारव्हा, दिग्रस, शेत, बाजार, जिथे जाशील तिथे. दुसऱ्याच दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरच्या गतिरोधकावर खर्रकन आवाज आला. परत आला तेव्हा पुठ्ठ्याचा खालचा भाग फाटून तिथेच राहिला होता. उरलेला भाग त्याने बोटं लावून मोजला.

"मामा," तो म्हणाला, "दोन बोटाची रबरी लिप भेटते काय?"

भेटते.